पानातलं भोक

नातवंडांनो, तुम्ही पाठवलेलं चित्र, दोन वेगळ्या कॉमिक्समधले वीर एकत्र लढतानाचं, वहीत चिकटवायला काल कणकेची खळ शिजवली. तिच्या वासासरशी मी मोताळ्याच्या घराच्या ओसरीवर जाऊन बसले, अकरा वर्षांची.

मांडीवर दोन इंग्रजी कॉमिक्स होती. माझ्या कॉमिकमधला मुखवटा घातलेला वीर पुरात बुडत होता. मैत्रीण कुसुमकडून आणलेल्यातला वीर उडू शकत होता. मी त्याला कात्रीनं कापून माझ्या पुरावर चिकटवलं. "एक पान जरी मुडपलं, तर तुह्याशी बोलणार नाही," असं कुसुमनं बजावलं होतं. खळ वाळायच्या आतच ती दारात उभी राहिली.

तिनं तिचं पुस्तक उघडलं. वीराच्या जागी भोक होतं आणि त्यातून पुढच्या पानावरचा राक्षस डोकावत होता.

"काऊन कापलं वं याले?"

"माहावाला बुडून राह्यला होता."

तिनं भोकात बोट घातलं.

"अन् याच्या गावाले आता कोन राखीन?"

मी माझं पुराचं पान तिच्यापुढं सरकवलं.

"तुहावाला वाचला नं? मंग धाड त्याले इकडं."

मी माझा वीर कापून भोकावर बसवला. तो लहान पडला. कडेनं राक्षसाची शिंगं दिसतच राहिली.

तेव्हा मैत्री वाचली, एवढंच कळलं. तुमचा बाबा तिकडे परदेशातल्या इस्पितळात लोकांचे जीव वाचवतो, याचा मला अभिमान आहे. पण इथल्या त्याच्या रिकाम्या खोलीचं दार उघडलं, की कुसुमचा 'कोन राखीन?' हा प्रश्न ऐकू येतो.