दुसरा आवाज, एकट्याने

हे मी लिहिणारच नव्हते. कारण जेनेझियोबद्दल कुणी चार ओळी जरी लिहिल्या तरी तो त्या फ्रेम करून पंक्चरच्या दुकानात टांगणार, आणि मग टायर घेऊन आलेल्या प्रत्येक ट्रकवाल्याला त्या मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्याचं चाक काही परत मिळणार नाही. शिवाय त्याने मला आधीच बजावलं होतं, "लिहायचं तर चाळीस प्रकरणं लिही. आणि त्यात लोरिवालचं नाव नको." आता लोरिवालचं नाव न घेता जेनेझियोबद्दल लिहायचं म्हणजे खोगिराबद्दल लिहायचं आणि घोडा वगळायचा. चाळीस प्रकरणं होणार नाहीत आणि नाव तर येणारच. चिडला तर चिडू दे.

आमच्या तुकुंझालकडे, म्हणजे ब्राझीलमधल्या गोयासच्या या सगळ्याच पट्ट्यात, खेड्यातली गाणी एकट्याने गायची कुणी कल्पनाच करत नाही. जोडी लागते. पहिला आवाज चाल गातो. दुसरा आवाज तेच शब्द, त्याच दमात, पण दोन सूर खालून गातो. सावलीसारखा. लोक पहिल्याच्या प्रेमात पडतात आणि दुसऱ्याला त्याची बॅग धरायला सांगतात.

लोरिवाल पहिला आवाज. छाती रुंद, मिशा भरघोस, हातात दहा तारांची व्हियोला. जेनेझियो दुसरा आवाज. हातात गिटार, आणि बोटांना टायरचं काळं, जे लग्नातसुद्धा निघत नसे. दोघं पहिल्यांदा रेडिओवर गेले तेव्हा निवेदकाने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. "लोरिवाल आणि जेनेझियो? ही जोडी आहे की वकिलांच्या ऑफिसची पाटी?" जोडीची नावं जुळायला नकोत का! त्याने तिथल्या तिथे जेनेझियोचं बारसं करून टाकलं. लोरिवाल आणि लोरिवान.

जेनेझियो छाती फुगवून घरी आला. "इव्होनिल्दे, आजपासून मी लोरिवान."

बायको भांडी घासत होती. "बरं. लोरिवान, गॅस संपलाय."

तेवीस वर्षं चाललं हे. दोघांच्या सारख्या टोप्या, सारखे बूट, सारखे पट्टे. लग्नं, गुरांचे बाजार, रविवारी पहाटे पाचचा रेडिओ. त्यांचं 'सातवं फाटक' हे गाणं आमच्याकडे बोबडं बोलणाऱ्या पोरांनासुद्धा पाठ आहे. एक गुराखी प्रेयसीला भेटायला सात फाटकं उघडत जातो आणि सातवं फाटक तिचा नवराच आतून उघडतो. दोघं एकमेकांच्या पोरांच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभे राहिले तेव्हापासून एकमेकांना नावाने हाक मारणं बंद झालं, फक्त कोंपाद्रे. कोंपाद्रे, मीठ दे. कोंपाद्रे, गाढवा, ब्रेक दाब. असं.

मग तो शेजारच्या गावचा गुरांचा बाजार आला.

तासभर गायले. टाळ्या, शिट्ट्या, एका म्हाताऱ्याने तर टोपी हवेत उडवली आणि ती बैलाने खाल्ली. सगळं आटोपल्यावर आवाजाची यंत्रं लावणारा माणूस वायरी गुंडाळायला आला, आणि जेनेझियोचा माईक उचलून म्हणाला, "अरेच्चा, हा तर बंदच होता की."

पूर्ण तासभर. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे जेनेझियोच्याही लक्षात आलं नव्हतं!

परतताना गाडीत लोरिवाल खुशीत होता. "आज काय जमलं, कोंपाद्रे! आवाज कसा मोकळा लागला!"

"माझा माईक बंद होता," जेनेझियो म्हणाला.

आता इथे माणूस काहीही बोलू शकला असता. अरेरे म्हणाला असता. त्या यंत्रवाल्याच्या आईचा उद्धार केला असता. निदान गप्प बसला असता तरी चाललं असतं. लोरिवालने समोर रस्त्याकडे बघत एकच शब्द काढला.

"तरीच."

त्या 'तरीच'वर तेवीस वर्षांची जोडी फुटली. जेनेझियोने गाडी थांबवायला लावली, गिटार घेऊन उतरला, आणि अकरा किलोमीटर चालत आला. नवे बूट घालून. इव्होनिल्देने त्याच्या पायांना मलम लावलं तेव्हा तो म्हणाला, "मी आता एकटा गाणार. मी थांबलो तर लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं पाहिजे. एवढंच बघायचंय मला."

"पाय तरी आत घे," ती म्हणाली.

तर एवढंच बघायचं होतं, पण थाट बघा. नवं नाव: जेनेझियो दो तुकुम, एकच आवाज. नवा झालरवाला शर्ट. पोस्टरवर पांढरा घोडा आणि त्यावर तो. घोडा दंतवैद्याच्या मेहुण्याचा होता आणि फोटो काढल्या क्षणी त्याने जेनेझियोला खाली टाकलं, पण पोस्टरवर ते दिसत नाही. वीस जानेवारीला गावच्या संताची, साव सेबास्तियांवची जत्रा. मिरवणुकीनंतर, दुपारच्या लिलावाच्या मधल्या वेळात, तीन गाणी. पाद्रीबाबांनी हो म्हटलं, कारण जेनेझियोने चर्चच्या जीपची चाकं दोन वर्षं फुकट बदलली होती.

परसात सराव सुरू झाला. दुसऱ्या दिवशी इव्होनिल्दे कपडे वाळत घालायला आली आणि चिमटा तोंडात धरून थांबली.

"हे कुठलं नवीन गाणं?"

"नवीन काय? सातवं फाटक."

"हे? नाही."

"अगं, शब्द ऐक की!"

"शब्द तेच आहेत. गाणं वेगळं आहे." तिने चिमटा काढला आणि खरी चाल गुणगुणली. "असं आहे ते."

जेनेझियो हसला. "ते लोरिवाल गायचा."

"तीच चाल आहे, जेनेझियो."

"मग मी तेवीस वर्षं काय गात होतो?"

"मला काय विचारतोस? मी स्वयंपाकघरात असायचे."

तुम्हाला वाटेल, चाल शिकायला किती वेळ लागतो! त्याने केला प्रयत्न. पहिल्या ओळीला चढायचा, दुसऱ्या ओळीला गळा आपोआप घसरून खाली जायचा. एकदा इव्होनिल्दे समोर उभी राहून गायली, हा तिच्या तोंडाकडे बघत गायला, आणि चार ओळींत बरोब्बर तिच्या दोन सूर खाली जाऊन बसला. ती वैतागून आत गेली. तो मात्र मानायला तयार नाही. म्हणे, "मोठे गायक चाल बदलतातच."

त्याचा एकच आधार म्हणजे लोरिवालची बातमी. लोरिवालही एकटाच गायला लागला होता, एक वाद्ययंत्र घेऊन, ज्यात बटण दाबलं की ढोल वाजतो. पण खालून धरायला कुणी नसल्यामुळे त्याचा सूर दर कडव्याला वर सरकायचा. एका लग्नात म्हणे तो पहिल्या कडव्यात मिशीवाला होता आणि शेवटच्या कडव्यात चर्चमधली बालिका. मांडवाबाहेरची कुत्री रडायला लागली. जेनेझियोने ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. कुत्र्यांची संख्या दर वेळी वाढत गेली.

जत्रेचा दिवस उजाडला. मिरवणूक झाली, साव सेबास्तियांवची मूर्ती अंगात रुतलेले बाण घेऊन परत चर्चमध्ये गेली, आणि मांडवात भाजलेल्या कोंबड्यांचा लिलाव सुरू झाला. एका कोंबडीवर दोन जमीनदार अडून बसले, त्यामुळे जेनेझियो झालरवाल्या शर्टात पंचवीस मिनिटं कडेला उभा. ऊन मी म्हणत होतं. शेवटी लिलाववाला ओरडला, "कोंबडी गेली! आता आपला... कोण रे हा? हां, लोरिवान! एकटाच आलाय!"

झालं. नव्या नावाची माती झाली.

त्याने डोळे मिटले आणि 'सातवं फाटक' सुरू केलं. त्याचं वालं.

पहिल्या ओळीला लोक नम्रपणे बघत राहिले, परक्या गावचा पाहुणा प्रार्थना म्हणतो तेव्हा बघतात तसे. पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "हे चर्चचं आहे का?" दुसरा म्हणाला, "गप रे, त्याचा बाप वारला असेल." डोना झेनाइदे आपल्या पामोन्याच्या टोपल्यामागे उभी होती. तिच्यासारखं मक्याचं सारण पानात बांधून उकडणारी बाई जिल्ह्यात नाही, आणि तिच्याएवढा मोठा आवाजही नाही. ती कान देऊन ऐकत होती. तिसऱ्या ओळीला 'फाटक' शब्द आला तशी ती किंचाळली, "अगंबाई! हे तर आपलं सातवं फाटक!"

आणि तिनेच खरी चाल लावली. तिच्यामागून बाका बाकाने लोक लागले. दोन फाटकं उघडेपर्यंत अख्खा मांडव गात होता. पाद्रीबाबा गात होते, कोंबडी हरलेला जमीनदार गात होता.

जेनेझियोने डोळे उघडले. त्याला त्यातलं काही गोड वाटलं नाही. त्याला वाटलं, बुडवलं मला. माईक चालू असूनसुद्धा बुडवलं. तीनशे लोक वरून गातायत, माझं कोण ऐकतंय? तेव्हा लोरिवाल एकटा होता, आता अख्खा गाव लोरिवाल झालाय. चौथ्या फाटकाशी त्याने गिटारीवर हात ठेवला आणि तोंड मिटलं.

लोक दोन ओळी गात राहिले. मग काय झालं कुणास ठाऊक. डावीकडचे वर चढले, उजवीकडचे रेंगाळले, बायका एका सुरात आणि पुरुष तिसऱ्याच. पाचव्या फाटकाशी पाद्रीबाबा एकटेच उरले होते आणि ते चक्क लॅटिन वाटत होतं. हळूहळू सगळे गप्प झाले आणि एकमेकांकडे बघायला लागले, पंगतीत भातावर वरण यायचं थांबावं तसे.

"ए जेनेझियो!" डोना झेनाइदे ओरडली. "मेलास का काय? खालून धर की! उघडं पडलंय सगळं!"

मांडवात इव्होनिल्दे तिसऱ्या रांगेत होती. ती सांगते, तो आधी हललाच नाही. नुसता झेनाइदेकडे बघत राहिला, जणू तिने त्याला बिशप केलंय. मग घसा खाकरला आणि खालून आला. पाचवं फाटक, सहावं, आणि सातवं तर मांडवाच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. नंतर तो म्हणाला डोळ्यांत धूळ गेली. आदल्या दिवशीच्या पावसाने सगळीकडे चिखल होता, पण गेली असेल.

लोरिवालही आला होता. मांडवाच्या शेवटी, आपल्या गाडीला टेकून, हातात अर्धं पामोन्या. त्याने गायलं की नाही गायलं यावर गावात दोन पक्ष आहेत. तोंड हलत होतं याबद्दल दुमत नाही. चघळत होता की गात होता, एवढाच वाद.

तेव्हापासून जेनेझियोबरोबर राहणं कठीण झालंय. तो सांगतो, त्याने एक नवीनच गायकी शोधून काढली आहे, ज्यात गायक चाल गात नाही, ते हलकं काम लोकांवर सोडतो. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करतो, टायरांच्या ढिगावर बसतो आणि खालून गातो. चाल तुम्ही गायची. येत नसेल तर तुमची तो ट्रकवाल्यांदेखत लाज काढतो. स्वतःला ती येत नाही हे सोयीने विसरून. "वरून कुणीही गातं," म्हणतो. "कोंबडासुद्धा."

आणि एवढा सगळा तोरा मिरवून झाला की शेवटी एक गाणं उरतं. त्या बाजाराच्या आधी दोघांनी गाडीत बसून बांधलेलं, कुठेच न गायलेलं. शब्द जेनेझियोचे, चाल लोरिवालची. ती चाल लोरिवालशिवाय जगात कुणालाच माहीत नाही. जेनेझियो दर शनिवारी आपला खालचा भाग गातो, वर काहीच नाही. नवख्या लोकांना वाटतं हेच गाणं, आणि ते टाळ्या वाजवतात. जुने वाजवत नाहीत. गेल्या शनिवारी इव्होनिल्दे म्हणाली, "अर्ध्या गाण्याला काय बसायचं रे?" आणि तरी उठली नाही.

तर माझं एक काम करा. तुकुंझालच्या बाजूला आलात तर जेनेझियोकडे जाऊ नका, त्याला माणसांची कमी नाही. नदीपलीकडे जा, गुरांच्या वजनकाट्यामागचं निळं घर, आणि लोरिवालला भेटा. त्या गाण्याची चाल विचारा. तो म्हणेल विसरलो. म्हणू द्या, बसून राहा. त्याची मुलगी सांगते, तिसऱ्या कॉफीला तो बोटांनी टेबल वाजवायला लागतो आणि मग गुणगुणतो, कुणी ऐकत नाहीये असं समजून. मीच गेले असते, पण हे वाचल्यावर दोघांपैकी कुणीच मला दारात उभं करणार नाही. तुम्ही जा. येत्या शनिवारच्या आत जमलं तर बघा.