मांजरीचा कर्ण

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकाम्या बरण्या जमतात तसे ते जमतात. ज्यांच्या गाड्या धड चालतात त्यांच्याकडे तर एकही नसतो. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, गेले, आले. संपलं! आमच्या गाड्या जर्मन. त्यामुळे आमच्या बरण्या भरपूर.

आमचं एक मंडळ आहे. 'निराधार जर्मन वाहनधारक मंडळ' हे नाव देवधर सरांनी ठेवलं. सर नारायण पेठेत राहतात, शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. निराधार अशासाठी की ज्या कंपनीने आम्हाला गाड्या विकल्या, ती एके दिवशी दुकान आवरून देशातूनच निघून गेली. आली तेव्हा काय थाट होता! काचेचं शोरूम, गुलाबपाणी, पेढे. गाडीची किल्ली देताना विक्रेता मला म्हणाला होता, "सर, आजपासून तुम्ही आमच्या कुटुंबातले." चार वर्षांत कुटुंब जर्मनीला आणि आम्ही पुण्यात. जाताना साधं 'येतो' म्हणाले नाहीत.

कंपनीचं नाव घेत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात.

* * *

शोरूमला कुलूप लागल्यावर आम्ही बाकीचे हळहळलो. सर हळहळले नाहीत. त्यांनी जर्मनच्या क्लासला नाव घातलं! तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. वर्गात सगळी विशीतली मुलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तुम्हाला जर्मन का शिकायचंय?" कुणी म्हणालं एम.एस. करायचंय, कुणी म्हणालं नोकरी. सर म्हणाले, "भांडायचंय."

दीड वर्षाने त्यांनी कंपनीच्या मुख्यालयाला दोन पानी जर्मन पत्र लिहिलं. मॅडमनी त्यात फक्त तीन चुका काढल्या. महिन्याभराने उत्तर आलं, तेही इंग्रजीत! "आपल्या विश्वासाबद्दल आभार. सुट्या भागांसाठी जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा." खाली पत्ता. जुन्या शोरूमचाच.

सर ते पत्र घेऊन त्या पत्त्यावर गेले. तिथे आता साड्यांचं दुकान आहे. सरांनी काउंटरवर पत्र ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "जर्मनीहून पाठवलंय. हेडलाइट हवाय."

मॅनेजरने पत्र उलटसुलट पाहिलं. "काका, हेडलाइट नाही. पैठणी दाखवू का?"

सर रिकाम्या हाताने परतले नाहीत. शरयूकाकू ती पैठणी नेसल्या की अजून सांगतात, "ही कंपनीने पाठवलेली!"

* * *

शरयूकाकू म्हणजे सरांच्या सौ. हा सगळा खटाटोप खरं तर त्यांच्यासाठी चाललेला असतो.

काकूंचे गुडघे गेलेत. रिक्षात चढता येत नाही, हल्लीच्या उंच गाड्यांत तर नाहीच. सरांच्या जर्मन गाडीची सीट बरोब्बर त्यांच्या मापाची. दार रुंद. काकू पाठमोऱ्या होतात, टेकतात, पाय आत घेतात. कुणाचा हात नाही की आधार नाही. मुलगा बंगलोरहून दर फोनला सांगतो, "बाबा, विकून टाका, नवीन घेऊ." सर एकदा त्याला म्हणाले, "ज्या दिवशी ती कुणाचा हात धरून गाडीत बसेल, त्या दिवशी ती म्हातारी होईल. मला ते चालणार नाही."

हे ऐकून मला गलबलून आलं होतं. काकू मात्र आतून ओरडल्या, "आणि स्वतः चष्मा शोधत फिरतात, ते कोण?"

यंदा त्या गाडीला पंधरा वर्षं झाली. म्हणजे तिला आरटीओत नेऊन दाखवायची. पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. सरांना मंगळवारची तारीख मिळाली होती. मधले किस्से सांगतो, पण तो मंगळवार लक्षात ठेवा.

* * *

आता कर्ण. हडपसरजवळच्या मांजरी गावचे नाना आमच्या मंडळाचे सभासद. ऊसवाले. त्यांनीही हौसेने हीच गाडी घेतली. एकदा ट्रॅक्टर मागे घेताना त्यांची स्वतःचीच उसाची ट्रॉली गाडीच्या डिकीत घुसली. मागचा भाग चेपला, पुढचं सगळं ठणठणीत. नाना म्हणाले, "ट्रॅक्टर माजा, ट्रॉली माजी, गाडी माजी, आन् मागं घेनाराबी मीच. आता केस कुनावर करू?"

ती गाडी नानांनी मंडळाला दिली. त्यांच्याच शेडमध्ये उभी असते. ज्याला जो भाग लागेल त्याने तो काढून न्यायचा. म्हणून तिचं नाव कर्ण. पहिल्याच वर्षी त्याची दोन्ही हेडलाइटची कुंडलं गेली.

पण सरांनी दोन नियम केले आणि कर्णाच्या काचेवर चिकटवले. एक : चालत्या गाडीचा भाग काढायचा नाही, मग ती कुणाचीही असो. दोन : कर्णाकडून जे न्याल त्याच्या जागी आपलं मोडकं बसवायचं, नट-बोल्टांसकट. "तो देतो म्हणून त्याला ओरबाडायचं नाही," सर म्हणाले. "जागा रिकामी ठेवायची नाही. उंदीर होतात."

त्यामुळे आमचा कर्ण कायम पूर्ण असतो. फक्त त्यातलं काहीही चालत नाही! इंजिनाला मात्र आजवर कुणी हात लावलेला नाही. इंजिन आमच्यापैकी कुणाचंच कधी गेलं नाही. जर्मनांचं जे चांगलं ते चांगलंच म्हणायला हवं.

* * *

कर्णाकडे माझं काय आहे? माझ्या ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेची यंत्रणा. ती अडकली तेव्हा काच वर गेली ती खाली येईचना. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला शांत माणूस. पण कुणाशी बोलायचं तर दार उघडून खाली उतरावं लागे.

स्वारगेटच्या चौकात एकदा हवालदाराने हात केला. मी ब्रेक लावला, दार उघडलं, उतरलो आणि त्याच्याकडे चालू लागलो. तो दोन पावलं मागे सरकला.

"काका, भांडायला येऊ नका! सिग्नल सुटलाय, एवढंच सांगत होतो!"

दुसऱ्याच रविवारी मी मांजरी गाठली. कर्णाची यंत्रणा मला, माझी अडकलेली काच कर्णाला.

* * *

प्रतीकचा किस्सा त्याच्या परवानगीने सांगतो. प्रतीक अमरावतीचा, हडपसरला आयटीत आहे. त्याने सेकंडहँड गाडी घेतली ती कंपनी गेल्याचं माहीत नसताना. "मले वाटलं सर्व्हिस सेंटर शिफ्ट झालं असन," असं तो पहिल्या भेटीत म्हणाला. आम्ही त्याला लगेच सभासद करून घेतलं.

त्याच्या गाडीचं ड्रायव्हरचं दार आतून उघडायचं नाही. तो काच खाली करून हात बाहेर काढी आणि बाहेरून उघडी. मुलगी बघायला गेला तेव्हा पावसामुळे काच बंद होती. घरासमोर गाडी थांबली. मुलीचे वडील छत्री घेऊन उभे. प्रतीक आत बसून नुसता हसतोय! शेवटी त्यांनीच पुढे होऊन दार उघडलं.

"अजून जावई झाला नाहीत," ते म्हणाले, "आणि मानपान सुरू?"

आत गेल्यावर बिचाऱ्याने खरं काय ते सांगून टाकलं. तो निघाल्यावर घरात चर्चा झाली. मुलगी म्हणाली, "माझा होकार आहे. ज्याला गाडीतून बाहेर पडायलाही दुसरं माणूस लागतं, तो न सांगता कुठे जाणार नाही."

लग्न झालं. दाराचं कुलूप मग कर्णाशी बदललं. आता प्रतीक न सांगताही कुठे कुठे जातो, अशी तिची तक्रार आहे.

* * *

आणखी दोन बारीक गोष्टी.

सरांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा चार वर्षं अर्ध्यावर अडकलाय. कर्णाचा काटा सरांच्या आधी मी नेला होता, त्यामुळे ते काही बोलू शकत नाहीत. काट्याचा भरवसा नाही, म्हणून सर आठवणीसाठी दर एकादशीला पेट्रोल भरतात. "उपास मला आहे, गाडीला नाही."

दुसरं नानांचं. औषध फवारणीच्या पंपाला लागणारं पेट्रोल ते घरात ठेवत असत. घरून ओरडा बसला तेव्हा कॅन नेऊन कर्णाच्या टाकीत ओतला. लागेल तसं नळीने काढतात. युसुफभाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "नाना, ही गाडी आहे का पिंप?"

युसुफभाई आमचे मेकॅनिक, स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे. हात सोन्याचा. निदान एका शब्दाचं. गाडीला कान लावतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "गेलं." त्यापुढे प्रश्न विचारायची आमची कुणाची छाती नाही.

* * *

आता तो रविवार, मंगळवारच्या आधीचा.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही शेडवर जमतो. पण हा रविवार शेवटचाच होता. नानांनी ती जमीन बांधकामाला दिली होती आणि सोमवारी शेड पाडणार होते. दुसरी जागा मिळाली नव्हती. कर्णाला नेण्यासाठी भंगारवाल्याचा टेम्पो हमरस्त्यावर येऊन थांबला होता. चिखलातून आत येईना. तिथपर्यंत नानांचा ट्रॅक्टर कर्णाला ओढणार होता.

सर पंधरा दिवस तापाने अंथरुणावर होते. आवाज खोल गेला होता, तरी गाडी घेऊन आले. पण शेड शंभर पावलांवर असताना गाडी आचके देऊन बंद पडली. ट्रॅक्टरने ती आधी आत आणली. स्टार्टर घरघर फिरत होता, इंजिन काही पकडत नव्हतं.

काकू डबा घेऊन उतरल्या, आपल्या आपण. म्हणाल्या, "अहो, पेट्रोल आहे का?"

आम्ही पाचही जण हसलो. पंधरा वर्षांचा अनुभव आमचा! सर मायेने म्हणाले, "अगं, यांत्रिक भानगड आहे ही. तू बस." काकू खुर्चीत बसल्या आणि त्यांनी शब्दकोडं उघडलं.

युसुफभाईंनी कान लावला, डोळे मिटले. "सर, कॉइल. गेली."

कॉइल नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर इंजिन नाही. कर्णाची चांगली कॉइल तीन वर्षांपूर्वीच प्रतीकने नेली होती. कर्णात होती ती प्रतीकची मेलेली. प्रतीक म्हणाला, "सर, माझ्या गाडीची काढा न. मंगळवार झाला की वापस द्या."

"चालत्या गाडीचा भाग काढायचा नाही," सर म्हणाले. "युसुफभाई, कर्णातलीच लावून बघा."

"सर, ती मीच मेली म्हणून काढलीये."

"त्याला तीन वर्षं झाली. तेवढ्यात माणूस सुधारतो."

लावली. सरांनी किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा फिरवली. घरघर. सरांनी किल्ली काढून घेतली. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला तिथे उभं राहवेना. इतक्या वर्षांत त्या माणसाला हरलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग ते उतरले. "माझी कॉइल कर्णात बसवा."

"आता?" युसुफभाई म्हणाले. "सर, तो भंगारात चाललाय."

"म्हणूनच. त्याला अर्धवट पाठवायचं नाही. नियम आहे."

सरांची मेलेली कॉइल युसुफभाईंनी कर्णात बसवली, चारही बाजूंनी घट्ट. ओढून नेताना हॉर्न वाजावा म्हणून बरोबर आणलेली बॅटरी जोडली. नानांनी दोर बांधला. "सर, येक जन ष्टेरिंगवर बसाया पायजे."

"मी बसतो," सर म्हणाले. आत बसले. प्रतीकने बाहेरून दार लावलं. स्टीअरिंग मोकळं करायला सरांनी किल्ली फिरवली आणि सवयीने थोडी जास्तच फिरवली.

कर्ण सुरू झाला!

एक आचका नाही, खोकला नाही. नाना ट्रॅक्टरवरून खाली उतरले. युसुफभाईंनी डोळे मिटले, पण या वेळी तोंडातून शब्दच फुटेना.

आत सर काहीतरी ओरडत होते. ऐकू येत नव्हतं. काच खाली करायला गेले, ती माझी, येईचना. दार उघडायला गेले, ते प्रतीकचं, उघडेना. सर आतून दोन्ही हातांनी काच बडवत होते, कर्णाच्या काचेवरच्या नियमांकडे बोट दाखवत होते. बहुतेक पहिल्याकडे. आम्ही चौघं नुसते बघत उभे!

शेवटी काकू शब्दकोडं मिटून उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, चिखलातून, एकेक पाऊल टाकत कर्णापाशी गेल्या आणि त्यांनी बाहेरून दार उघडलं.

"चालती गाडी आहे!" सर ओरडले. "भंगारात जाणार नाही! कुणी हात लावायचा नाही!"

"नाही लावत," काकू म्हणाल्या. "अहो, पण गेल्या एकादशीला तुम्हाला ताप होता ना?"