लेकीच्या गाडीचा पाइप

वस्ती संपते आणि रस्ता वळण घेतो, त्या वळणावर पत्र्याचं एक गॅरेज आहे. आत भिंतभर हुकांना सायलेन्सरचे पाइप टांगलेले. काही जाडजूड, काही सडपातळ, काही पोटाशी डबा बांधलेले. वारा आत शिरला की सगळे मिळून हुंकार देतात. त्या हुंकारात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसाला सगळे कानसेन म्हणतात. खरं नाव फक्त बायको घेते, तेही रागावली तरच.

कानसेनची कामाची रीत त्याची स्वतःची होती. गिऱ्हाइकाच्या गाडीला तो एकेक पाइप तात्पुरता जोडायचा, इंजिन सुरू करायला लावायचा आणि गाडीच्या मागे डोळे मिटून उभा राहायचा. पटला नाही तर नुसता हात हलवायचा. पटला की त्याची मान डोलायची, अगदी हळू, उभं पीक वाऱ्यावर डोलावं तशी. मान डोलली की वेल्डर नट आवळायचा. मग गिऱ्हाइकानेसुद्धा तोंड उघडायचं नाही, असा तिथला अलिखित कायदा.

वेल्डरला ठिणग्या म्हणत. अंगाने काटकुळा, जिभेने तिखट. दोघांनी एकाच पत्र्याखाली केस पिकवले होते.

एका सकाळी कानसेनची लेक स्वतःची गाडी घेऊन आली. ती लिफ्ट दुरुस्त करते. आज या गावच्या इमारतीत, उद्या त्या गावच्या, त्यामुळे दिवसाचा मोठा भाग स्टिअरिंगमागे जातो. जुनी पण टर्बोची गाडी तिने हौसेने घेतली होती आणि तिचा मूळचा सायलेन्सर गंजून चाळणी झाला होता.

"बाबा, नवा बसवा. आवाज जरा भारदस्त हवा. पण डोकं उठवणारा नको हं."

"डोकं उठवणारा पाइप या भिंतीवर टांगलेलाच नाही," कानसेन म्हणाला.

"भिंतीवर नसेल. भिंतीखाली एक उभा आहे," ठिणग्या हळूच म्हणाला. लेक हसली. कानसेनने ऐकलं नाही, किंवा तिला तसं वाटलं.

टर्बोच्या गाडीचं गणित वेगळं असतं. इंजिनातून निघालेला धूर आधी टर्बोचं चाक फिरवतो आणि मग बाहेर पडतो. त्या चाकाच्या पुढची वाट जितकी मोकळी, तितकं चाक खुशीत फिरतं. म्हणून पाइप रुंद हवा. पण वाट नको इतकी मोकळी केली, की आवाजालाही धरबंध राहत नाही. या दोहोंच्या मधली जागा शोधायची, ती कानाने.

पहिला पाइप अरुंद होता. कानसेनने हात हलवला. दुसरा रुंद, पोटाला आवाज गिळणारा डबा असलेला. तो बराच वेळ ऐकत राहिला. "बरा आहे. पण झोपाळू वाटतो." तिसरा रुंद आणि सरळसोट, मध्ये डबा नाही, काही नाही. लेकीने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. कानसेनला एक खोल, गोल घुमार ऐकू आला, विहिरीच्या तळातून कुणी शांतपणे बोलावं तसा. त्याचे डोळे मिटलेलेच राहिले आणि मान डोलली.

ठिणग्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने ठिणग्याकडे पाहिलं. मग ठिणग्याने पाना उचलला आणि नट आवळले.

नवा पाइप तापून निवला की त्याला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या थोड्या ढिल्या पडतात. म्हणून काही दिवसांनी त्या पुन्हा आवळाव्या लागतात. त्यासाठी लेक पुन्हा आली आणि गाडी गॅरेजात ठेवून आईला भेटायला घरी गेली. कानसेनने पट्ट्या आवळल्या आणि सवयीने एक चक्कर मारायला निघाला. वळणावर फडकं घ्यायला त्याने दाराच्या कप्प्यात हात घातला. हाताला कापूस लागला. छोटे छोटे बोळे, बोटांनी वळलेले, कानाच्या आकाराचे. एक नाही, मूठभर.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं आणि ऐकू लागला. घुमार होता, गोलच होता. बाकी काही नव्हतं. टर्बो फिरताना बारीक शीळ घालतो, त्या शिळेवरून एके काळी तो चाकाची तब्येत सांगायचा. तीही नव्हती. घरी बायको रोज टीव्हीचा आवाज कमी करते ते त्याला आठवलं. टीव्हीच बिघडलाय, असं तो म्हणायचा.

गॅरेजात परतल्यावर त्याने ठिणग्याला गाडीमागे उभं केलं आणि पाय दाबला.

"काय ऐकू येतं?"

ठिणग्याने मान खाजवली. "घुमतोय झकास."

"आणि त्याच्यावर?"

"त्याच्यावर..." ठिणग्या थांबला. "करकर आहे. पत्रा फाडल्यासारखी. मी तर दातच आवळले होते त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीस रे गाढवा?"

"तुझी मान डोलली ना! तुझी मान डोलली की मी नट आवळतो. आजवर कधी विचारलंय का तुला?"

कानसेन इंजिन बंद करून गाडीतच बसून राहिला. पाइप चुकला, तो बदलता येतो. पण ज्या कानांवर त्याचं नाव उभं होतं त्यांनी निम्मं ऐकणं सोडलं होतं, आणि हे गॅरेजला कळलं होतं, गाडीला कळलं होतं, फक्त त्याला नव्हतं. उद्यापासून डोळे मिटून मागे उभं राहायचं ते कुठल्या तोंडाने?

लेक परत आली तेव्हा कापसाचे बोळे त्याच्या तळहातावर होते. तिने ते पाहिले आणि ती ओशाळली.

"बाबा, मला वाटलं माझंच डोकं नाजूक झालंय. तुम्ही निवडलाय म्हटल्यावर..."

"म्हणून कानात कापूस घालून गावोगाव फिरलीस?"

"सवय होईल म्हटलं."

"मागून हॉर्न वाजला असता तर?"

त्याने बोळे तिच्या हातात ठेवले. मग सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाला, "पोरी, वरचं मला ऐकू येईनासं झालंय. करकर, शीळ, काहीच नाही. खालचं येतं."

हे बोलून झाल्यावर पत्रा कोसळला नाही. लेक फक्त जवळ सरकली. "मग बदलू या ना. तुम्ही खालचं ऐका, मी वरचं सांगते."

ठिणग्याने सरळसोट पाइप उतरवून डबावाला चढवला. या वेळी गाडीमागे दोघं उभी राहिली आणि ठिणग्याने पाय दाबला.

"बोल," कानसेन म्हणाला.

"करकर गेली. शीळ आहे, बारीक, सरळ रेषेत. मध्येच थरथरत नाही."

"म्हणजे चाक ठणठणीत आहे. आणि याचा घुमार झोपाळू नाही गं. शांत आहे. त्या दिवशी मला फरक कळला नाही."

त्याची मान डोलली. पण ठिणग्या गाडीतून उतरला आणि पाना धरून तसाच उभा राहिला.

"आवळ की!"

"थांब. हिची मान डोलू दे."

लेकीने डोळे मिटले, बापासारखेच, आणि मान डोलावली.

ती गेली तेव्हा गाडी वळणापर्यंत घुमत गेली. कानसेनने जमेल तितकं ऐकलं आणि उरलेलं तिच्यावर सोडलं. दुपारी नवं गिऱ्हाईक आलं, रीतीप्रमाणे तोंड मिटून बाजूला उभं राहिलं. कानसेनने त्याला हाताने आपल्या शेजारी ओढलं.

"इथे या माझ्याजवळ. आणि काय काय ऐकू येतं, ते सगळं मला सांगा."