बर्गनमध्ये एक खोली हवी आहे

लंडनमधल्या एजवेअरच्या लायब्ररीत बसून मी आपल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. भाषेचा भारदस्तपणा या भागात माझ्याइतका कुणाला साधत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. एका दुपारी सत्तरीच्या एक बाई समोर येऊन बसल्या. नॉर्वेतल्या बर्गन शहरी त्यांना एकटीने जायचे होते. तेथील एका गेस्टहाउसला खोलीसाठी ईमेल हवा होता.

टेबलावर बोट फिरवत त्या सावकाश म्हणाल्या, “विमानतळावरून ट्रॅम. मग बंदर. मग लाकडी घरं, आणि डोंगरावर चढणारी छोटी ट्रेन.” बोट जाई तिथे मला पाणी लकाकताना दिसू लागले.

“जाण्याचे कारण?” मी विचारले. कारणाशिवाय अर्ज उभा राहत नाही.

“मुलगाही तेच विचारतो. मम्मी, व्हाय नॉर्वे?” त्या हसल्या. “अहो, आजवर बाळंतपणं, लग्नं, आजारपणं यांच्यासाठीच प्रवास केला. या खेपेला नुसतं जायचंय. कारण नाही म्हणून खोली नाकारतील का हो?”

“नाकारतील,” मी अधिकाराने सांगितले आणि ‘प्रकृतिस्वास्थ्यासाठी’ असे लिहू लागलो. त्यांनी माझ्या हातावर हलकेच हात ठेवला.

“खोटं नको. तसाच पाठवा.”

आठवड्याने त्या फोन घेऊन आल्या. खोली मिळाली होती. उत्तरात एकच प्रश्न होता: घराला पायऱ्या फार आहेत, चालेल ना?

“लिहा,” त्या म्हणाल्या, “हळूहळू चढेन.”