गुरुवारची हजेरी

बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी अकरा नव्या वह्यांना कव्हरं घातली. एक्स-रेची खाकी पाकिटं मी कापत होतो, माझी बायको शांता चिकटवत होती. एक माझ्याकडून वाकडं कापलं गेलं.

"तीस वर्षं दवाखान्यात पट्ट्या कापल्या न," ती म्हणे, "अन् एक कागद सरळ नाही कापता येत?"

हे आमचं सोबतीचं शेवटचं काम. गुरुवारी पहाटे तिला उठवायला गेलो. ती उठली नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी वॉर्डबॉय होतो. शिकलो चौथी. शांता दहावी, तिथंच आया. रिटायर झाल्यावरही रोज दहाला ती पोरांच्या वॉर्डात शाळा भरवायची. जळालेली, हाड मोडलेली पोरं दोन-दोन महिने पडून राहतात. शाळा सुटली की सुटतेच. थैली उचलून तिच्या मागं जायचं, ही माझी ड्युटी.

घंटा नव्हती. भंगारात निघालेला किडनी ट्रे, म्हणजे ड्रेसिंगचं ते काजूच्या आकाराचं स्टीलचं भांडं, ती चमच्यानं तीनदा वाजवायची. कोणी पळवू नये म्हणून रोज थैलीत घालून घरी आणायची. मग हजेरी. पोरगं एक्स-रेला गेलं असेल तर बाजूच्या पलंगानं 'हजर' म्हणायचं. सगळ्यात शेवटी ती स्वतःचं नाव घ्यायची. आणि नियम एकच, कागद आल्याशिवाय नाव कापायचं नाही. सुट्टीचा कागद, नाहीतर दुसरा, मरणाचा.

सोनाली लोणारकडची, दहावीतली. मांडीचं हाड मोडलेलं, ट्रॅक्शनवर. म्हणजे पायाला वजन लटकवलेलं, कूसही बदलता येत नाही. तिच्या हेडमास्तरांनी शांताला तोंडावर सांगितलं होतं, "रोजची हजेरी दाखवा. एक जरी खाडा दिसला तर परीक्षेचा फॉर्म पुढच्या वर्षी."

आणि गुरुवारी दहा वाजता आम्ही मसणात होतो.

शुक्रवारी मी थैली उचलली. घरचे म्हणाले, आज काऊन? म्हटलं, पोरीचा फॉर्म आहे.

शांता गेल्याचं सिस्टरला दारातच सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"मामा, काल तर शाळा झाली."

"कोनं घेतली?"

"मी ड्रेसिंगला होते. पोरं पुस्तकं काढून बसलेली. मला वाटलं, मावशी असतील."

मी आत गेलो. "सोनाली, काल हजेरी कोनं घेतली?"

"म्याच घेतली, मामा. दहाले ट्रे वाजला न. मावशी दिसल्या नाहीत, म्हटलं चहाले गेल्या असतील. नावं पाठ आहेत मले."

"कितीदा वाजला?"

"तीनदा. काऊन?"

थैलीत हात घातला. ट्रे थैलीतच होता. थैली बुधवारपासून आमच्या घरी खुंटीला.

"अन् मावशीचं नाव?"

"घेतलं न. शेवटी."

"हजर कोनं म्हटलं?"

सोनालीनं मान वळवली. बाजूच्या पलंगावरची सहा वर्षांची पिंकी म्हणाली, "मावशीच म्हने. दारातून."

मी भूतबित मानत नाही. या हातांनी किती मुडदे शवागारात नेले. पण ट्रे बाहेर काढला आणि आतला चमचा उचलून बघितला.

हजेरीची वही उघडली. गुरुवारच्या रकान्यात अकरा पोरं हजर मांडली. होतीच ती हजर. बाराव्या ओळीवर पेन अडला. मग तिथंही मांडलं. पोरींनी सांगितलं तेच लिहिलं.

पुढच्या आठवड्यात हेडमास्तरांनी पानं उलटली. "खाडा नाही. पण ही बारावी कोण?"

"शिकवणारी."

"शिकवणारीची हजेरी कशाला?"

"तिले विचारा."

फॉर्म भरला गेला. मला कळलं ते इतकंच, वहीत झालं तेच लिहावं, समजलं नाही तरी.

पण त्या शुक्रवारी सकाळी एक काम बाकी होतं. मी ट्रे तीनदा वाजवला. अकरा नावं घेतली. मग शांताचं घेतलं. पोरं दाराकडं बघत होती. मीही बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग खिशातून डॉक्टरचा कागद काढला, पोरांना सरळ सांगितलं, आणि पट्टी लावून तिचं नाव कापलं. रेघ सरळ आली.