साडूंची इंद्रधनुष्यं

परभणी जिल्ह्यावर उगवलेल्या एकाही इंद्रधनुष्याला त्याच्या स्वतःच्या रंगावर सोडायचं नाही, असा माझ्या साडूंनी विडा उचललेला आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पालमला त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते उघडतात, तांब्याची तार नव्याने गुंडाळतात आणि बोललेल्या दिवशी परत देतात. असा वक्तशीर माणूस, पण उन्हात पाऊस आला की कामातून जातो. उघडी मोटार तशीच टाकून, बनियनवरच, मोबाइल घेऊन ते सूर्याकडे पाठ करून भर रस्त्यात उभे राहतात. एकदा एसटी त्यांच्यामागे हॉर्न वाजवत थांबली. साडूंनी मागे न बघता नुसता हात वर केला. "थांबा जरा, हे जाईल निघून. तुमची गाडी काय, रोजच हाय!" तेव्हा ड्रायव्हरसुद्धा इंद्रधनुष्य बघायला खाली उतरला, असं साडू अभिमानाने सांगतात. तो शिव्या द्यायला उतरला होता, असं समोरचा चहावाला सांगतो.

फोटो काढणं हा मात्र त्यांच्या लेखी कामाचा लहानसा भाग. खरं काम नंतरचं. चष्मा कपाळावर सरकवून ते मोबाइलमधली रंगाची पट्टी उजवीकडे ओढू लागतात आणि पट्टी संपली की थांबतात. संपली नसती तर थांबले नसते. त्यांच्या इंद्रधनुष्याखाली पालमचं बसस्टँड केशरी दिसतं, म्हशी निळ्या दिसतात आणि तुरीला असा हिरवा चढतो की कृषी खात्याने चौकशीला यावं. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. ताळा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यांच्या एका फोटोतले पट्टे मी मोजले, ते नऊ भरले. तसं कळवल्यावर उत्तर आलं, "वरचे दोन तुमाला दिसत नव्हते, मी भाईर काढले." त्यांचं म्हणणं असं की मोबाइल रंग खातो. डोळ्याला दिसतं त्यातलं थोडंच फोटोत उतरतं, तेव्हा राहिलेलं आपण परत भरायचं. "मोटारीत तार कमी भरली तर चालंल का? तसंच हे." मी म्हणालो, तार जास्त भरली तरी बिघाडच होतो. यावर ते पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या वर्षी मात्र हे प्रकरण घरातच आलं. त्यांची एकुलती मुलगी शीतल गंगाखेडला एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिच्यासाठी स्थळं बघायची म्हणून बायोडाट्याला फोटो हवा होता. परतीच्या पावसात साडूंनी तो गच्चीवर काढला. मागे अर्थातच इंद्रधनुष्य. शीतल रंगाने सावळी, म्हणून तिच्या आईने, आमच्या अक्कांनी, सुचवलं, "सगळं आभाळ रंगवायलात, तर पोरीला बी जरासं उजळ करा की."

"न्हाई."

"कामून न्हाई?"

"इंद्रधनुष्य ताडून बघायला कुणी येत न्हाई. पोरगी तर पोह्याची ताटली घेऊन समोर येणार हाय. अन् तिच्या असल रंगात कमी काय हाय?"

"वा! म्हंजे आभाळाला पैठणी अन् लेकीला धुवट पातळ!"

साडू बधले नाहीत. शीतलच्या कडेने बोटाने रेघ मारून त्यांनी तिला अलगद बाहेर ठेवलं आणि बाकी सगळं पेटवलं. मला त्यांचं हे वागणं पहिल्यांदाच पूर्ण पटलं.

चुडाव्याचं स्थळ माझ्या ओळखीतून आलं. मुलगा नांदेडला औषधांच्या दुकानात होता. तो आणि शीतल फोनवर बोलले आणि कधी कुणाकडे काही न मागणारी ही मुलगी माझ्या बायकोला म्हणाली, "मावशी, हे जमलं तर बरं होईल." पुढे मात्र त्या लोकांकडून काहीच कळेना. शेवटी मी मुलाच्या आईला फोन लावला.

"पाव्हणं, खरं सांगा," बाई म्हणाल्या, "पोरीच्या मागं तो पडदा हाय का?"

"पडदा नाही, इंद्रधनुष्य आहे."

"आमच्याकडं बी निघतंय की. असलं कधी न्हाई बघितलं! आभाळच एवढं बनवलंय, तर पोरगी किती बनवली असंल?"

तर्क बिनचूक होता. साडूंनी जी एकच गोष्ट खरी ठेवली, ती शेजारच्या रंगामुळे खोटी ठरली होती.

रविवारी मी पालमला गेलो आणि म्हणालो, चुडाव्याला मूळ फोटो पाठवा. साडूंनी तो उघडला. शीतल तीच, तशीच; मागचं इंद्रधनुष्य मात्र ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. पाठवायच्या बटणावर त्यांचं बोट नुसतंच थांबलं.

"पाहुणे, लय फिकं दिसायलंय हो. लोक म्हणतील, याला फोटो बी काढता येत न्हाई."

चहा घेऊन आलेली शीतल दारातच थांबली होती. "पप्पा, पाठवा."

"तुझं ठीक हाय गं, पण ह्याचं..."

"ह्याचं लग्न न्हाई करायचं आपल्याला."

साडूंनी फोटो पाठवला आणि मोबाइल पालथा ठेवला. पुढच्या आठवड्यात चुडाव्याची मंडळी आली. बाईंनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा शीतलकडे, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हाय तश्शीच हाय की हो." मग पोह्यांची ताटली उचलली. वैशाखात लग्न झालं.

यंदा श्रावणात मी दुकानात बसलो असताना पूर्वेला इंद्रधनुष्य उगवलं. साडू सवयीने रस्त्यात गेले, फोटो काढला आणि तिथूनच स्पीकरवर लेकीला फोन लावला. "शीतल, भाईर ये. आभाळाकडं बघ."

ती अंगणात आली असावी. भांड्यांचा आवाज मागे पडला. "पप्पा, इकडं काहीच न्हाई. नुसतं ऊन हाय."

"नीट बघ की."

"खरंच न्हाई हो. तुमी पाठवा ना. अन् फिकं नका पाठवू. सासूबाईला तुमच्याच रंगातलं लागतंय आता."

"बरं, बरं," साडू म्हणाले. फोन बंद झाला तरी ते तिथेच उभे होते. वरचं इंद्रधनुष्य एका टोकाकडून विरत चाललं होतं. त्या टोकाकडे बोट करून त्यांनी मला विचारलं, "पाहुणे, चुडावा इकडंच येतंय ना हो?"

नकाशा उघडला तर चुडावा तिथून बराच उत्तरेला सरकलेला आहे.

"हो," मी म्हणालो, "बरोबर तिकडेच."