चाळीस चेहऱ्यांचा फ्लेक्स

कॉलेजात कार्यक्रम ठरवणं सोपं, त्याला माणसं गोळा करणं महाकठीण. वाङ्मय मंडळाची प्रसिद्धीप्रमुख झाल्यावर मला हे कळलं. हे पद मराठीच्या मॅडमनी माझ्या गळ्यात घातलं, कारण माझा आवाज मोठा आहे आणि मी भांडखोर आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही खरं आहे.

कार्यक्रम कथाकथनाचा होता आणि कथा सांगणार होती माझ्या बाकावरची मैत्रीण. ती सुरगाण्याकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. वर्गात इतकी गप्प, की हजेरीला तिचा नंबर पुकारला तरी ओठ हलवायची फक्त. पण डबा खाताना गावाकडच्या गोष्टी सांगायला लागली की हसून हसून मला ठसका लागायचा. मीच तिला भरीस घातलं. ती कशीबशी तयार झाली आणि दुसऱ्याच दिवशी रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई-बा येतो म्हणतात बघायला."

"मग येऊ देत की!"

"अगं, मी घरी सांगितलंय, कॉलेजात मला सगळे ओळखतात."

खरं म्हणजे दोन वर्षांत तिला ओळखणारे तिघंच होते. मी, मॅडम आणि मेसच्या मावशी. घरच्यांना काळजी नको म्हणून ती दर फोनला थोडं थोडं वाढवून सांगत गेली होती. आता तिचे आईवडील दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतलं काम एक दिवस सोडून लेकीची ही लोकप्रियता बघायला येणार होते. रिकाम्या हॉलमध्ये ती एकटी उभी, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. "हॉल भरून दाखवते," मी म्हणाले. माझं तोंड नेहमी असंच पुढे धावतं.

मग मी प्रसिद्धीला लागले. हाताने पोस्टर रंगवून नोटीस बोर्डावर लावलं, तर त्यावर दुपारपर्यंत परीक्षेचं वेळापत्रक चिकटलं. व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं, त्याला ढिगाने अंगठे आले. अंगठा दाखवणारा माणूस कधीही येत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकते. रील केलं, ते माझ्या कळवणच्या मावसबहिणींनी आवडीने पाहिलं. शेवटी वर्गावर्गात जाऊन ओरडून सांगितलं. तास मोडल्याच्या आनंदात पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि दोनच प्रश्न विचारले, "हजेरी लागणार का?" आणि "नाश्ता आहे का?"

"नाही आणि नाही," मी म्हणाले आणि दार आपटून बाहेर आले.

तेव्हा मदतीला आले भाऊ. भाऊ म्हणजे आमच्याच वर्गातला एक मुलगा, पण त्याला शिक्षकही भाऊच म्हणायचे. वर्गातही गॉगल, आणि चालताना मागे नेहमी दोन-तीन जण. "ताई, टेन्शन नको," तो म्हणाला. "अंबडला मामाचं फ्लेक्सचं दुकान आहे. दणक्यात फ्लेक्स लावू. फक्त शुभेच्छुक म्हणून आपला फोटो पाहिजे. मधोमध."

मला वाटलं, एक फोटो काय, असू दे. पण बातमी पसरली. भाऊचा फोटो आहे तर आमचा का नको, म्हणून कबड्डीचा संघ आला. कबड्डी आहे म्हणून एनएसएस रुसली. मग कॉमर्सवाले, मग सायन्सवाले आणि शेवटी कॅन्टीनवाल्या काकांनीसुद्धा तरुणपणीचा एक फोटो पाठवला. मी सगळे घेतले. ज्याचा फोटो तो चार मित्रांना घेऊन येईलच, असा माझा हिशेब होता. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फाटकाशी फ्लेक्स चढला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊ मधोमध मोबाईल कानाला लावून उभा. त्याच्याभोवती चाळीसेक चेहरे. कथाकथन, वेळ आणि हॉल हे सगळं एकदम खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, आणि त्याच्यापुढे लावलेल्या स्कूटरींची रांग. जी कथा सांगणार होती तिचा फोटो नाही. नावसुद्धा नाही.

"ताई, जागाच उरली नाही ना," भाऊ म्हणाला. त्याला खरोखरच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. पोरं मात्र फ्लेक्सखाली सेल्फी काढत होती.

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील वेळेच्या बरेच आधी पोचले. ती आत पाठांतर करत होती म्हणून त्यांना घ्यायला मी फाटकावर गेले, तर वडील फ्लेक्ससमोर मान वर करून उभे. बोटाने एकेक ओळ शोधत होते.

"आमची पोर दिसना यात," ते म्हणाले.

जे सुचलं ते मी बोलून टाकलं. "काका, ज्याचा कार्यक्रम त्याचा फोटो नसतो. हे सगळे शुभेच्छुक आहेत. तिला शुभेच्छा देणारे."

"एवढी सारी वळखतात तिला?"

"हो."

ते पुन्हा वरून सुरू झाले, या वेळी एकेक चेहरा नीट बघत. आईने विचारलं, "ही चष्मावाली पण?" "ती पण," मी म्हणाले. दोघांनी फ्लेक्सखाली उभं राहून माझ्याकडून फोटो काढून घेतला. मला कधी नव्हे ती देवाची आठवण झाली, कारण आता ते हॉलमध्ये कुणालाही गाठून लेकीबद्दल विचारू शकत होते.

आणि हॉल भरला! सगळे शुभेच्छुक आले, इस्त्रीचे कपडे घालून, आपापले मित्र घेऊन. कथेसाठी नाही. फ्लेक्सवर फोटो म्हणजे स्टेजवर सत्कार, हे आमच्याकडे गृहीतच असतं. भाऊने पहिल्याच मिनिटाला खूण करून विचारलं, सत्कार कधी? आमच्याकडे सत्कार आधी होतात आणि गुलाब मिळाला की माणसं पांगतात. मी माईकवरून जाहीर केलं, "सत्कार सर्वात शेवटी." चाळीस चेहरे पडले, पण उठलं कुणी नाही.

ती उभी राहिली. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत. मग तिची नजर पहिल्या रांगेतल्या वडिलांवर गेली आणि तिने ठरलेली कथा सोडून त्यांचीच सुरू केली. ते एकदा पिशवीत कोंबडा लपवून एसटीत बसले होते आणि कंडक्टर जवळ आला तसा कोंबडा आरवला. "बा म्हणं, कोंबडा नाय, पाहुणा हाय!" ती खणखणीत म्हणाली आणि हॉलमध्ये हशा पिकला. लोक वळून वळून वडिलांकडे बघायला लागले. ते उपरण्यात तोंड लपवून हसत होते. भाऊने गॉगल काढून डोळे पुसले. सत्काराची आठवण अर्धा तास कुणालाही झाली नाही.

मग मॅडमनी घोळ घातला. सत्कार तिच्या वडिलांच्या हस्ते होतील, असं जाहीर करून टाकलं. काका एकेकाला गुलाब देत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते, "माझ्या पोरीला वळखता, लय बरं वाटलं." एकानेही 'ओळखत नाही' म्हटलं नाही. कबड्डीवाल्यांनी हात जोडले. चष्मावाली रडलीच. भाऊ खाली वाकला, पाया पडला आणि म्हणाला, "काका, काळजी करू नका. आपलीच आहे ती."

आईवडील शेवटची गाडी चुकू नये म्हणून लगबगीने रिक्षात बसून गेले. दोघांचेही चेहरे फुलले होते. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर भाऊ माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "ताई, नाव काय तिचं?"

मी त्याला झापायला तोंड उघडलं. पण ती माझ्या मागेच उभी होती. तिनेच सांगितलं. मोठ्याने, आडनावासकट.

भाऊने गॉगल खिशात ठेवला आणि तिला स्वतःचं नाव सांगितलं. त्याचं खरं नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.